डोरीनचे टाके

लिंड्से ट्रेलोरला बोलतं करणं ऑस्ट्रेलियातल्या टंबी बे या किनाऱ्यावरच्या गावात भल्याभल्यांना जमलं नव्हतं. माणूस तुसडा मुळीच नव्हता. शाळेची बस चालवायचा. शेतांवरून येणारी पोरं मागं कितीही धिंगाणा घालोत, त्यानं कधी आवाज चढवला नाही. आरशातून नुसतं बघायचा, तेवढ्यानं भागायचं. बसच्या आधी बरीच वर्षं तो गव्हाच्या कोठारांवर कामाला होता आणि त्याच्याही आधी बापाच्या होडीवर. त्याचा शेजारी स्पड सगळ्यांना सांगायचा, "होडीवर बोललं तर मासे पळतात, कोठारावर बोललं तर तोंडात भुसा जातो. मग हा बोलायला शिकणार कधी?" स्पडचं खरं नाव कॉलिन मोड्रा. नाक बटाट्यासारखं म्हणून शाळेत पोरांनी त्याचा स्पड, म्हणजे बटाटा, केला होता, तो साठी उलटली तरी स्पडच राहिला.

लिंड्सेची बायको ग्लेनिस मात्र बोलकी. तिला चार माणसं लागायची, गजबज लागायची. मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्गात असताना ती ॲडलेडला बहिणीकडं म्हणून गेली आणि तिकडचीच झाली. भांडणतंटा असा झालाच नाही. जाताना एवढंच म्हणाली, "भांडायलासुद्धा दोघं लागतात, लिंड्से. इथं मी एकटीच भांडत बसले होते."

मुलगी, ब्रॉन, बापाजवळ राहिली. पुढं पोर्ट लिंकनला लहान मुलांच्या पाळणाघरात नोकरीला लागली, तिथंच भाड्यानं जागा घेतली. लिंकन काही लांब नव्हतं; रविवारी सकाळी निघाली की चहाला टंबीत. मग बापलेक जेटीवर गळ टाकून बसायची. ती आठवडाभराचं सगळं सांगायची. कुठल्या पोरानं कुणाच्या डोक्यात रंग ओतला, घरमालकीण काय म्हणाली, कुणाचं लग्न मोडायला आलंय. लिंड्से दोरीचा गुंता सोडवत "हं" म्हणायचा. दिवस मावळला की ती परत जायची.

ईस्टरची सुट्टी संपल्यावर, पाळणाघरात मुलांना गोष्ट सांगता सांगता ब्रॉन खुर्चीवरून खाली कोसळली. डोक्यातली नस फुटली होती. विमानानं ॲडलेडला हलवलं, पण तिथं पोचेपर्यंत करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

लिंड्सेला गावात कुणाला काही सांगावं लागलं नाही. तो ॲडलेडहून परतायच्या आत बातमी बेकरीत पोचली होती. बायकांनी ओव्हनमध्ये शिजवलेल्या रश्श्यांची भांडी आणून दिली, कुणी केक आणला, कुणी येऊन गवत कापून गेलं. फ्रीज गच्च भरला. लिंड्से ओट्यापाशी उभा राहून त्यातलं थंडच खायचा. कोंबडी आहे की मटण, हे अर्धं भांडं संपलं तरी त्याच्या ध्यानात यायचं नाही. अंत्यविधीच्या वेळी ग्लेनिस त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. हात आपल्याच खांद्यापासून निघालाय, हे त्याला बघून खात्री करून घ्यावी लागली.

लोक म्हणत, धक्का बसलाय बिचाऱ्याला. त्याला स्वतःला धक्काबिक्का काही जाणवत नव्हता. दात काढायच्या आधी सुई टोचतात आणि गाल दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा वाटतो, तसं त्याचं सगळंच अंग झालं होतं. सुईचा अंमल कधीतरी उतरतो. तसं हेही उतरेल असं त्यानं धरून ठेवलं आणि सुट्टी न वाढवता बसवर हजर झाला. पोरं मात्र आता गप्प बसायला लागली होती. घरून बजावलेलं असणार. बस भरलेली असायची आणि मागं चिटपाखरू नसल्यासारखं वाटायचं. एवढ्या सगळ्यात लिंड्सेला खटकलं ते तेवढंच.

ब्रॉनची जागा रिकामी करायला तो स्पडला घेऊन गेला. खोकी भरली, पलंग सोडवला. पलंगाखाली एक करडं मांजर दडी मारून बसलं होतं. शेजारच्या बाईनं तोवर त्याला खाऊ घातलं होतं.

"हे तुम्ही न्यायलाच हवं," ती म्हणाली. "आमच्या कुत्र्याचं आणि याचं हाडवैर आहे."

ब्रॉननं मांजर पाळलंय, हे लिंड्सेला ठाऊक होतं. जेटीवर कधीतरी तिनं सांगितलं होतं. नावही सांगितलं असणार. पण तेव्हा त्याचं लक्ष गुंत्यात होतं. आता विचारायचं कुणाला? शेजारची बाईही त्याला मनीच म्हणायची. तो नुसतं 'मांजर' म्हणायला लागला. सकाळी वाटी भरायची, संध्याकाळी वाटी भरायची. मांजर त्याच्या वाटेला जायचं नाही, तोही मांजराच्या वाटेला जायचा नाही. खोकी पुढच्या खोलीत भिंतीला लागून ठेवली होती, ती तशीच होती.

ब्रॉनचा मोबाइल मात्र स्वयंपाकघरात ब्रेडच्या डब्याशेजारी चार्जिंगला लावलेला असायचा. कशासाठी, ते त्याला सांगता आलं नसतं. बॅटरी उतरली की तो लावायचा. जूनमधल्या एका सकाळी बस उभी करून घरी येऊन तो चहाचं पाणी ठेवत होता, तेवढ्यात तो फोन वाजला.

"हॅलो, ब्रॉन आहे का? जनावरांच्या दवाखान्यातून बोलतेय, लिंकनहून." तरुण पोरीचा आवाज होता.

"मी तिचा बाप."

"अच्छा! मग तिला एवढा निरोप द्या ना. मांजरीच्या ऑपरेशनची तारीख गुरुवारची आहे. पिल्लं सुटून दूध आटेपर्यंत थांबू या म्हणून पुढं ढकललं होतं, आता हरकत नाही. आदल्या रात्रीपासून खायला काही घालायचं नाही. पाणी चालेल. द्याल निरोप?"

लिंड्सेनं खिडकीतून बाहेर बघितलं. मांजर कुंपणाच्या खांबावर बसून स्पडच्या कोंबड्यांवर नजर ठेवून होतं.

"मीच घेऊन येतो तिला," तो म्हणाला.

"मग तर छानच. ब्रॉनला सांगा, आम्ही आठवण काढली म्हणून."

"बरं," लिंड्से म्हणाला आणि फोन परत चार्जिंगला लावला.

मांजर न्यायला पिंजरा नव्हता. स्पडनं कोंबड्यांचा दिला, आतली पिसं झटकून.

"पोटच्या पोरीच्या मांजराला कोंबडीच्या खुराड्यातून नेतोस," स्पड म्हणाला. आणि 'पोटच्या पोरीच्या' हे शब्द तोंडातून गेल्यावर त्याचा चेहरा एकदम पडला. "म्हणजे... मला तसं नव्हतं रे..."

"दार नीट लागतं ना याचं?" लिंड्सेनं विचारलं.

"लागतं, लागतं. तार गुंडाळ वरून."

गुरुवारी बसवर बदली माणूस देऊन तो निघाला. पावसानं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गव्हाची कोवळी पाती वर आली होती. मांजर सगळ्या वाटेनं एका सुरात ओरडत होतं. लिंड्सेला त्याचा त्रास झाला नाही. गाडीत काहीतरी आवाज आहे, एवढंच.

दवाखान्यात बाकावर एक म्हातारा कुत्र्याला मांडीवर घेऊन बसला होता. लिंड्से खुराडं पायाशी ठेवून शेजारी टेकला. आतून निळ्या कपड्यांतली एक पोरगी बाहेर आली आणि तिनं मोठ्यानं पुकारलं, "डोरीन ट्रेलोर!"

लिंड्सेनं आजूबाजूला बघितलं. म्हाताऱ्यानंही बघितलं. डोरीन ट्रेलोर ही लिंड्सेची आत्या. गावच्या पोस्टात खिडकीमागं बसायची आणि तिकीट मागायला आलेल्याकडं असे डोळे बारीक करून बघायची, की त्याला वाटावं आपण दरोडाच घालायला आलोय. तिला जाऊन किती वर्षं झाली. ती इथं कशी येईल?

पोरगी खुराड्यापाशी वाकली. "काय गं डोरीन? हे काय, कोंबड्यांच्यात राहायला गेलीस?"

लिंड्सेनं वाकून आत बघितलं. करडा रुंद चेहरा, बारीक केलेले डोळे, ओठ घट्ट मिटलेले. आत्याच. हुबेहूब आत्या. ब्रॉन लहानपणी तिला घाबरून बापाच्या पायांमागं लपायची. लिंड्सेच्या पोटात कुठंतरी हसू हललं, वर यायला निघालं आणि मधेच कुठं विरलं ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

"ब्रॉन नाही आली?" पोरीनं विचारलं. तिचं नाव जॅसिंटा. छातीवर नावाची पट्टी होती.

"नाही. तिला जमण्यासारखं नव्हतं."

खोटं काही बोललो नाही, असं बाहेर पडताना त्याच्या मनात येऊन गेलं.

दिवसभर तो समुद्राच्या कडेला गाडी लावून बसला. ट्यूनाच्या बोटी धक्क्याला लागल्या, सुटल्या. पाळणाघर दोन गल्ल्या मागं होतं. तिकडं तो गेला नाही. संध्याकाळकडं फोन आला, घेऊन जा म्हणून.

डोरीनच्या पोटावरचे केस भादरले होते. गुलाबी कातडी, त्यावर निळ्या दोऱ्याचे टाके. गळ्यात प्लास्टिकचं मोठं नरसाळं. डोळे उघडे होते, पण ती कुठंच बघत नव्हती.

"भूल पुरती उतरलेली नाही अजून," जॅसिंटा म्हणाली. "घरी गेल्यावर फिस्कारेल, अंगावर येईल, मनावर घेऊ नका. आज खायला नेहमीच्या निम्मं. दुखण्याचं औषध रोज तोंडात सोडायचं, ही बिनसुईची पिचकारी. एका लहान खोलीत ठेवा. उड्या मारू द्यायच्या नाहीत, बाहेर तर मुळीच सोडायचं नाही. रोज टाके बघायचे. लाल झालं, चिघळलं, तर लगेच फोन करा. आणि हे नरसाळं काढायचं नाही. ती कितीही बिचारं तोंड करू दे."

"ती तसं तोंड करणाऱ्यांतली नाही," लिंड्से म्हणाला.

जॅसिंटा हसली. "टाके काढायला ब्रॉनला घेऊन या. पिल्लांचंही सांगायचंय तिला."

लिंड्सेनं मान हलवली. ती हो म्हणायला हलवली की नाही म्हणायला, हे जॅसिंटाला कळलं नसावं.

घरात लहान खोली म्हणजे मागची धुण्याची. लिंड्सेनं मशीनवर चढता येऊ नये म्हणून त्यावर बादल्या मांडल्या, जमिनीवर जुनी रजई घातली, शी-शूसाठी वाळूचा ट्रे ठेवला, छोटा हीटर लावला. डोरीन उठली, दोन पावलं गेली, नरसाळं दाराच्या चौकटीवर आपटलं. मागं सरकली, मशीनवर आपटली. मग भिंतीकडं तोंड करून बसून राहिली. वाटीतलं खाता येईना. नरसाळं वाटीच्या आधी जमिनीला टेकायचं. लिंड्सेनं एक उंच कप उपडा घालून त्यावर बशी ठेवली. तेव्हा तिनं चार घास खाल्ले आणि त्याच्याकडं डोळे बारीक करून बघितलं.

दुसऱ्या दिवशी स्पड कुंपणावरून डोकावला. लिंड्से रजई वाळत घालत होता.

"काय म्हणते पेशंट?"

"आपटतेय सगळीकडं."

"बघू तरी." तो आत येऊन धुण्याच्या खोलीच्या दारात उभा राहिला. "च्यायला! ही तर दिव्याची शेड! स्वीच कुठाय हिचा?"

डोरीन फिस्कारली.

"हां, हीच तुझी आत्या. मला असंच करायची. एकदा पोस्टाचा गोंद चाटून बघितला होता मी, आठवतं?" स्पडनं चौकटीला खांदा टेकवला. "अरे, शनिवारी मॅच आहे क्लबात. ये की. नुसता येऊन बस. कुणी काही विचारणार नाही, मी सांगून ठेवतो सगळ्यांना."

"हिला औषध असतं."

"औषधाला किती वेळ लागतो, गाढवा?"

"ती थुंकते. परत द्यावं लागतं."

स्पड जायला वळला. "बरं बाबा," म्हणाला, "आत्याची सेवा कर."

आणि लिंड्सेनं ती केली. सकाळी बस सोडायच्या आधी गुडघ्यांत धरून औषध. मग दिव्याखाली पोट बघायचं. ट्रे साफ करायचा. दुपारी पोरं घरोघर सोडून आला की परत पोट बघायचं. त्यात माया होती असं म्हणवत नाही. काम होतं. कोठारावर असताना वजनाचा काटा जसा बघायचा, तसा टाक्यांकडं बघायचा. पण दिवसात काहीतरी एक असं होतं, जे त्यानं केलं नाही तर राहून गेलं असतं. बाकी सगळं राहून गेलं तरी चालणारं होतं.

एका दुपारी तो परतला तर नरसाळं मशीनखाली पडलेलं आणि डोरीन मागचा पाय आकाशात धरून टाके चाटत बसलेली. एक टाका कुरतडला होता. भोवतीची कातडी लालबुंद. लिंड्सेनं तिला उचललं, नरसाळं चढवलं. ती एका झटक्यात मान काढून मोकळी झाली. युक्ती तिला सापडली होती. त्यानं दवाखान्यात फोन लावला.

"उघडलं नाही ना आत? पू, पाणी?" जॅसिंटानं विचारलं. "नाही? मग घाबरू नका. पण चाटू द्यायचं नाही, काहीही करा. अंगात काही घालता येईल का बघा, घट्टसं."

अंगात काय घालणार? तो डोरीनला टॉवेलात गुंडाळून तसाच स्पडच्या घरी गेला. दार हेदरनं, स्पडच्या बायकोनं, उघडलं.

"अगं बाई, काय झालं हिला?"

"हिला काहीतरी कपडा हवाय."

"कपडा?" तिनं टॉवेल उचलून बघितलं. "बाही घे एखादी. जुन्या स्वेटरची नाही, लोकर टोचेल. मऊ सुती बघ. बाही कापायची, पुढच्या पायांना भोकं पाडायची, मागून शेपटीला मोकळं ठेवायचं. आमच्या मांजराला, टिब्सला, केलं होतं मी. तुझ्याकडं आहे का काही तसं?"

"माझे सगळे कामाचे शर्ट आहेत. जाड."

"स्पडचे तर घालू नकोस, त्या वासानंच मरेल ती." हेदर बोलता बोलता थबकली. दोघांनाही एकच गोष्ट सुचली होती. ती हळू आवाजात म्हणाली, "मी येऊ का? मी उघडते खोकं."

"नको. बघतो मी," लिंड्से म्हणाला.

पुढच्या खोलीत जाऊन त्यानं वरच्या खोक्याची चिकटपट्टी सुरीनं कापली. वरच एक पिवळा सुती टी-शर्ट होता, लांब बाह्यांचा, कोपरावर पाळणाघरातल्या रंगाचा हिरवा डाग. धुतलेला होता तरी घरातल्यापेक्षा निराळ्या साबणाचा वास आला. आता काहीतरी होईल, असं त्याला वाटलं. तो शर्ट हातात धरून थांबला. काही झालं नाही. कात्री बोथट होती, तेवढं मात्र जाणवलं. कापड कापलं जाण्याऐवजी पात्यात चिमटत होतं. दातांनी सुरुवात करून देऊन त्यानं बाही उतरवली, भोकं पाडली.

डोरीनला त्यात कोंबणं म्हणजे कुस्तीच होती. एक पाय आत घातला की दुसरा बाहेर. लिंड्सेच्या मनगटावर लांब ओरखडा उठला, रक्त आलं. शेवटी बाही बसली, अगदी मापानं शिवल्यासारखी, हिरवा डाग पाठीवर. त्यानं तिला जमिनीवर ठेवलं आणि ती लाकडाच्या ओंडक्यासारखी कुशीवर कलंडली.

लिंड्से घाबरला. हलवून बघितलं. श्वास चालू होता, डोळे उघडे होते. उभं केलं, पुन्हा आडवी. पाय ताठ, नजर समोर. चालता येतं हे ती विसरलीच होती जणू. फोन करावा का, या विचारात त्यानं तिच्या पोटाखाली हात घालून बघितलं, तर बाही सैल होती, कुठं आवळत नव्हती. नुसती ती अंगावर आहे म्हणून सगळं अंग बंद पडलं होतं.

तो तिच्या शेजारी जमिनीवर बसला, मशीनला पाठ टेकून. बाहेर अंधारून आलं होतं. जरा वेळानं उठून त्यानं फ्रीजमधला व्हायटिंग माशाचा तुकडा पाण्यात उकडला, काटे काढले आणि परत येऊन बसला. बोटावर घेऊन तिच्या नाकाशी धरला. डोरीननं आडव्याआडव्याच जीभ बाहेर काढली. एक घास, मग दुसरा. तिसऱ्याला डोकं उचललं. उरलेला मासा लिंड्सेनं तोंडात टाकला आणि चावता चावता थांबला. अळणी होता. मीठ घालायचं राहिलं होतं. बऱ्याच दिवसांत कशाला मीठ कमी आहे की जास्त, हे त्याला कळलं नव्हतं. तो उठला नाही. अळणी तर अळणी, संपवला.

दोन दिवसांनी डोरीन त्या बाहीत चालायला लागली, आधी भिंतीला घासत, मग झोकात. लाली उतरली. हेदर बघायला आली तेव्हा तिनं फक्त रंगाचं कौतुक केलं, कापड कुठलं ते विचारलं नाही. स्पडनं विचारलं, "आत्याबाई, लग्नाला निघालात का कुठं?" आणि बायकोच्या कोपराची ढुशी खाल्ली.

टाके काढायच्या दिवशी लिंड्से डोरीनला त्याच खुराड्यातून घेऊन गेला. जॅसिंटानं तिला टेबलावर घेतलं आणि बाही बघून कौतुकानं ओरडलीच.

"किती गोड! हे ब्रॉननं केलं ना? तिचा टी-शर्ट आहे हा, मी बघितलाय तिच्या अंगात. आहे कुठं ती? बाहेर गाडीत?"

लिंड्सेनं तोंड उघडलं. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, हे वाक्य आपण अजून एकदाही बोललेलो नाही. गावात लागलंच नव्हतं. ग्लेनिसला ॲडलेडच्या इस्पितळानंच कळवलं होतं.

"ब्रॉन गेली," तो म्हणाला.

"गेली? कुठं, ॲडलेडला?" जॅसिंटा डोरीनच्या अंगातली बाही उतरवत होती. "आईकडं का? मला म्हणाली होती खरं, कधीतरी जाईन म्हणून."

तिला कळलेलं नव्हतं. परत सांगणं भाग होतं.

"मेली," लिंड्से म्हणाला. "ईस्टरनंतर. डोक्यात रक्तस्राव झाला."

जॅसिंटाचे हात थांबले. तिचे डोळे भरून वाहायला लागले. "मी फोनवर... मी तुम्हाला निरोप द्यायला सांगितलं. आठवण काढली म्हणून सांगा म्हटलं..."

"तुला कसं कळणार? मी बोललोच नाही."

"मी दुसऱ्या कुणाला बोलावते टाके काढायला."

"तूच काढ. ही तुला ओळखते," लिंड्से म्हणाला आणि त्यानं डोरीनचे खांदे धरले.

जॅसिंटानं आपल्या बाहीला डोळे पुसले, चिमटा उचलला. एकेक निळा दोरा निघत होता. डोरीन कुरकुरत होती, पण हलली नाही. काम करता करता, खाली मान घालूनच, जॅसिंटा बोलायला लागली. ब्रॉननं ही मांजरी पाळणाघराच्या मागच्या शेडमध्ये पिल्लांसकट सापडली म्हणून आणली होती. रोज संध्याकाळी पिल्लांचं वजन करायला घेऊन यायची. पोरांना सोडायला येणाऱ्या आईबापांच्या गळ्यात एकेक पिल्लू मारलं तिनं. कुणाला नाही म्हणूच द्यायची नाही.

"एक माझ्याकडं आहे," ती म्हणाली आणि फोन काढून फोटो दाखवला. करडं पिल्लू सोफ्याच्या पाठीवर बसून कॅमेऱ्याकडं डोळे बारीक करून बघत होतं.

लिंड्सेनं फोन हातात घेऊन बराच वेळ बघितला.

"आत्यावर गेलंय," तो म्हणाला.

गाडीत बसल्यावर त्यानं चावी लावली, पण फिरवली नाही. बोललो तर आहे, आता रडू येईल, असं वाटून तो वाट बघत राहिला. बाटलीतलं पाणी प्याला. बाकी अंग होतं तसंच होतं. शेजारी डोरीननं सुरू केलं ओरडायला, तसा तो निघाला.

रविवारी संध्याकाळी ग्लेनिसचा फोन यायचा. ब्रॉन गेल्यापासून न चुकता. जेवलास का, हो. झोप लागते का, हो. मग दोघं गप्प, मग ठेवते. त्या रविवारी तिनं काही विचारायच्या आधी लिंड्सेच म्हणाला, "डोरीनचे टाके काढले."

"कुणाचे? लिंड्से, तुझी आत्या जाऊन जमाना झाला. तू बरा आहेस ना?"

"मांजर गं. ब्रॉनचं मांजर."

"अरे देवा! डोरीन! हो, सांगितलं होतं मला तिनं. म्हणाली, आई, आत्याआजी परत आलीय आणि शेडमध्ये बाळंत झालीय." ग्लेनिस हसायला लागली. हसता हसता तिचं हसणं कधी फिरलं ते फोनवरही कळलं. लिंड्से थांबला. तिला थांब म्हणाला नाही, रडू नको म्हणाला नाही. मग तिनं नाक शिंकरलं.

"आणि तू सांभाळतोयस तिला? तू?"

लिंड्सेनं सांगितलं. खुराड्याचं, नरसाळ्याचं, कपावरच्या बशीचं. बाहीचं सांगताना जरा अडखळला, पण सांगितलं. कुठला शर्ट, असं ग्लेनिसनं विचारलं. पिवळा, तो म्हणाला. दुसरी बाही आहे का अजून, तिनं विचारलं. आहे म्हणाला. तो एवढं सलग बोलला होता, की हाताला फोन गरम लागत होता.

"मांडीवर येते का तुझ्या?" ग्लेनिसनं विचारलं.

"नाही. शेजारी बसते."

"आत्ता आहे?"

"आहे."

"लाडात येऊन गुरगुरते का रे? फोन धर ना जरा तिच्याजवळ. ऐकू दे मला."

लिंड्सेनं वाकून फोन डोरीनच्या मानेपाशी धरला. केस नुकते उगवायला लागलेलं पोट जमिनीला टेकवून ती बसली होती. तिनं फोनकडं बघितलं, डोळे बारीक केले आणि तोंड फिरवलं. आवाज म्हणून काही काढला नाही.

फोन तसाच धरून तो बसला. हात अवघडला तरी काढला नाही, कारण पलीकडून ग्लेनिसनंही ठेवला नव्हता.